मागच्या खोलीचे दोन थर

अमेरिकेच्या उत्तरेला, लेक सुपीरियरच्या काठावर पंचवीस वर्षं मी लाकडी घरं उभारतोय. आमच्याकडच्या बर्फात तळघर खणल्याशिवाय कोणी घर बांधत नाही. वर्ना कांगासने मात्र खणू दिलं नाही.

"खांबांवर उभं कर, अर्वो. माती हलवू नकोस."

तिचा नवरा रेनो दोन वर्षांपूर्वी कामासाठी डलूथ शहरात गेला, असं ती सांगायची. त्यानंतर त्याचं पत्र कोणी पाहिलं नव्हतं.

"जमिनीच्या तुळया सोळा-सोळा इंचांच्या अंतरावर घालतो," मी म्हणालो, "वर पाऊण इंची प्लायवूड. नेहमीसारखं."

"मागच्या खोलीत बारा इंचांवर. आणि प्लायवूडचे दोन थर."

"हत्ती पाळतेयस की काय?"

ती हसली नाही. "मी तिथे झोपणार आहे."

तेवढ्यासाठी एवढी मजबुती? काहीतरी लपवतेय, असं मनात आलंच. तुळया सांगितल्याप्रमाणे घातल्या, पण थर एकच दिला. तिला काय कळतंय!

दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर खोलीच्या मधोमध सगळे स्क्रू अर्धा अर्धा इंच वर आलेले. लाकूड ओलं असेल, म्हणून पुन्हा आवळले. दुपारी तिथेच बसून पास्टी, म्हणजे मांस-बटाट्याची भाजलेली करंजी, खात होतो. बाहेर लख्ख ऊन. ओल्या मातीचा वास आला, आणि माझ्या बुडाखालचं प्लायवूड सावकाश... वर उचललं गेलं. मग खाली बसलं. पुन्हा वर.

दारात वर्ना उभी होती.

"एकच थर घातलास ना...?" ती पुटपुटली.

मी स्क्रू काढले. तो तक्ता उपसून उलटा केला. खालच्या बाजूला चिखलाने माखलेल्या बुटांचे ठसे होते, एकामागे एक, माशी छतावरून चालावी तसे. खाली वाकून पाहिलं. माती जशीच्या तशी, वर सुकं गवत.

"वर्ना, रेनो खरंच डलूथला..."

"दुसरा थर घाल, अर्वो."

घातला. दर चार इंचांवर स्क्रू. पोलिसांकडे काय घेऊन जाणार होतो? तक्ता तर तिने त्याच संध्याकाळी जाळला.

वसंतात बर्फ वितळलं, तेव्हा तिचा फोन आला.

"मागच्या खोलीची जमीन छान टिकलीय," ती हळूच म्हणाली. "आणखी प्लायवूड घेऊन ये... आता भिंतींना."