ॲरिझोनातली राखाडी गाडी

“ओल्हा निरोप न घेता घराची पायरीसुद्धा उतरायची नाही. रोझान, जरा लक्ष ठेव,” असं स्टेफानिया मला नोव्हेंबरातच म्हणाली होती.

चर्चच्या तळघरात आम्ही बायका पेरोगी, म्हणजे उकडायच्या करंज्या, करत होतो. बटाट्याचं सारण भरायचं, कडा दाबायच्या, पीठ भुरभुरलेल्या ताटात मांडायच्या. ओल्हाबाईंची खुर्ची रिकामी होती.

मी हसले. “अहो, मॅनिटोबाच्या थंडीतून पळून जाताना निरोप कसले घ्यायचे? मी असते तर बूट घालायलाही थांबले नसते.”

स्टेफानिया हसली नाही. तिने नुसती एका पेरोगीची कड पुन्हा दाबली.

ओल्हा हावरिलुक म्हणजे आमच्या शेजारीणबाई. अठ्ठ्याहत्तरीच्या, विधवा, मूलबाळ नाही. कानाला यंत्र लावायच्या, पण जीभ अशी तिखट की कान खरं तर समोरच्यानेच झाकून घ्यावेत. त्यांच्या नवऱ्याचा पुतण्या डॅरेल गावाबाहेर शेतावर एकटा राहायचा. त्यानेच सगळीकडे सांगितलं, “काकूंना यंदा ॲरिझोनाला सोडून आलो. त्यांचीच गाडी चालवत नेली, येताना मी विमानाने आलो. वसंतात परत आणतो.”

कोणी जास्त विचारलं नाही. कॅनडातल्या आमच्या या गावातली निम्मी म्हातारी माणसं पहिला बर्फ पडला की दक्षिणेला, अमेरिकेतल्या उन्हात जातात. हिवाळ्यात बंद घर दिसलं की आम्हाला काळजी वाटत नाही, हेवा वाटतो.

शिवाय ओल्हाबाईंच्या फोनवरून निरोप यायचे. ‘इथे ऊन मस्त आहे.’ ‘मिलाला पापी.’ मिला माझी मुलगी, सव्वा वर्षाची. एकदा फोटोही आला. गाडीच्या मागच्या सीटवरून काढलेला, पुढे डॅशबोर्ड, काचेपलीकडे दोन ताडाची झाडं. खाली लिहिलं होतं, ‘माझी गाडीही खूश आहे.’

जानेवारीत मी त्यांच्या घरी झाडांना पाणी घालायला गेले. किल्ली माझ्याकडे आधीपासूनच असायची. जिरेनियमची कुंडी सरकवली आणि मागे एक छोटी पांढरी डबी दिसली. उघडली. आत ओल्हाबाईंची दोन्ही श्रवणयंत्रं. ती लावल्याशिवाय त्या अंगणातही येत नसत.

मिला माझ्या कडेवर होती. तिने डबीला हात घातला, तशी मी ती मिटून खिशात टाकली.

मी तिथूनच त्यांना फोन लावला. वाजत राहिला. लगेच निरोप आला, ‘आवाज नीट येत नाही. लिहूनच बोल.’

मी पोलिसांना फोन केला.

कॉन्स्टेबल ओकेमाव दुसऱ्या दिवशी दुपारी आली. उंच बाई, चेहऱ्यावर फारसं काही न दाखवणारी. बूट दाराशी काढले आणि ओल्हाबाईंच्या स्वयंपाकघरात मोज्यांवरच उभी राहिली.

“आधी पुतण्याच्या शेतावर जाऊन आले,” ती म्हणाली. “घरी नव्हता. कुत्र्याने मात्र माझी आईबहीण काढली. त्याच्यापासून पळताना शेडच्या दाराखालून गेलेल्या केशरी वायरीत पाय अडकला. पडता पडता वाचले. असली मी कर्तबगार पोलीस!”

मला हसू आलं नाही. “तुम्ही आत का नाही गेलात?”

“कुलूप होतं. तुझ्या मनात शंका आली म्हणून दुसऱ्याचं दार फोडता येत नाही, पोरी. त्याला इथे बोलावलंय. फोटो दाखव.”

मी फोन दिला. तिने फोटो बोटांनी मोठा केला. इकडे सरकवला, तिकडे सरकवला. बराच वेळ बघत राहिली.

“या बाईंच्या गाडीत तू बसली आहेस?”

“खूपदा. मिलाच्या लसीला त्याच न्यायच्या.”

“पुढे बसायचीस?”

“हो.”

“मग डोळे मीट आणि सांग, समोर काय दिसायचं?”

मला हा प्रकार विचित्र वाटला. तरी मी डोळे मिटले. “समोर… ऊन अडवायची झडप असते ना, तिच्यावर एअरबॅगची सूचना. इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये. दवाखान्याबाहेर थांबलो की मी मिलाला दोन्ही वाचून दाखवायचे. ती फ्रेंचला जास्त हसायची.”

“आणि?”

“स्टिअरिंग गरम करायचं बटण. ओल्हाबाई गाडीत बसल्या की आधी तेच दाबायच्या. म्हणायच्या, हातात मांजर धरल्यासारखं वाटतं. नवरा असताना एवढी ऊब मिळाली नव्हती, असंही म्हणायच्या.”

“वेगाचा काटा?”

“साधाच. गोल तबकडी. आमच्यासारखी.”

कॉन्स्टेबलने फोन टेबलावर उलटा ठेवला. “ठीक,” एवढंच म्हणाली. तिने केटल ठेवली. परक्याच्या घरात पोलीस चहा ठेवते हे पाहून मला जास्तच भीती वाटली.

बाहेर पिकअपचं इंजिन ऐकू आलं. डॅरेल आत आला, टोपीवरचा बर्फ झटकत. पन्नाशीचा, लालबुंद गालांचा, सगळ्यांशी गोड बोलणारा माणूस.

“काय गं रोझान, थेट पोलीस? मिलाने बँक लुटली की काय?”

“बस, डॅरेल,” कॉन्स्टेबल म्हणाली. “दोन-चार प्रश्न आहेत. काकू कुठे आहेत?”

“ॲरिझोनात. सगळ्या गावाला माहितीये.”

“कानाची यंत्रं इथे राहिली.”

“तिथे नवीन घेऊन दिली ना मी. जुनी शिट्टी मारायची.”

“त्यांच्याशी बोलायचं होतं.”

“अहो, त्या दुपारच्या झोपतात. झोपमोड केली तर मला शिव्या. तुम्हीच खाणार का त्या?”

“खाईन की. आमची आजी क्री भाषेत द्यायची, मला सवय आहे.” कॉन्स्टेबलने चहा ओतला. “गाडी कोणती नेलीस?”

“काकूंचीच. राखाडी.”

“हीच का?” तिने फोटो पुढे केला.

“हो, हीच. मीच काढला फोटो. पोहोचलो त्याच दिवशी.”

“नंतर गाडीत काही बदल केला? डॅशबोर्ड, स्टिअरिंग, काही दुरुस्ती?”

“छे. नेली तशी उभी आहे.”

“बरं. शेतावर तुझ्याकडे गाड्या किती?”

“बाहेर उभी आहे ती एक. ट्रॅक्टर शरदातच विकला.”

“आणि शेडमध्ये?”

“शेडमध्ये काय असणार? रिकामी आहे. उंदीरसुद्धा सोडून गेलेत.”

“म्हणजे काहीच नाही? यंत्र, बॅटरी, हीटर?”

“सांगितलं ना, काही नाही.” त्याने माझ्याकडे बघून डोळा मारला. “पोलिसांना उंदीर हवेत वाटतं.”

कॉन्स्टेबलने चहाचा एक घोट घेतला. मग शांतपणे म्हणाली, “डॅरेल, या फोटोतली गाडी मॅनिटोबात कधीच विकली गेलेली नाही.”

तो हसला. पण गालांवरचा लाल रंग हसला नाही.

“रोझान, तू पण बघ,” ती म्हणाली. मी मिलाला घेऊन टेबलाशी गेले. “तबकडी बघ. मोठे आकडे मैलांचे, किलोमीटरचे आत बारीक. सीमेपलीकडे अशीच विकतात. आपल्याकडे उलटं, मोठे आकडे किलोमीटरचे.”

“ते बटणाने बदलता येतं!” डॅरेल म्हणाला.

“पडद्यावरचे आकडे बदलतात. हे तबकडीवर छापलेले आहेत. आणि तूच आत्ता म्हणालास, काहीही बदललं नाही.”

डॅरेलने फोनकडे हात नेला. तिने तो स्वतःकडे ओढला.

“आता झडप बघ. एअरबॅगची सूचना फक्त इंग्रजीत. आपल्याकडे कायद्याने फ्रेंच लागतंच. रोझानची पोर त्यालाच हसायची.” तिचं बोट पुढे सरकलं. “आणि स्टिअरिंगच्या डाव्या हाताला हे कोरं झाकण आहे ना, तिथे ओल्हाबाईंचं मांजर असायचं. तेच मॉडेल, तोच कारखाना, तोच राखाडी रंग. पण जिथे उन्हाने स्टिअरिंगला हात लावता येत नाही, तिथल्या साध्या गाडीत गरम स्टिअरिंग घालणार कोण? नुसतं झाकण बसवून सोडतात. तू तिकडच्या कुठल्यातरी विकायला काढलेल्या गाडीचा फोटो उचललास. रंग जुळला, मॉडेल जुळलं, ताडाची झाडं आयती मिळाली. बाकी बघायचं राहून गेलं.”

“फोटो चुकीचा गेला असेल. म्हणून काय झालं?” डॅरेलचा आवाज चढला. “काकू तिथेच आहेत!”

“मग त्यांची गाडी कुठे आहे?”

“तिथेच!”

“नाही. ती तुझ्या शेडमध्ये आहे.”

डॅरेलने खिडकीतून आपल्या पिकअपकडे बघितलं.

“आज उणे चौतीस आहे,” कॉन्स्टेबल म्हणाली. “तू इथल्याच मातीतला. चालायला लागलास तेव्हाच बापाने शिकवलं असेल, इतकी थंडी पडली की इंजिन उबदार ठेवायला गाडीला विजेची वायर जोडल्याशिवाय अंथरुणात शिरायचं नाही, नाहीतर सकाळी इंजिन दगड होतं. आपल्या गाड्यांना पुढच्या जाळीतून तो प्लग लोंबत असतो. दक्षिणेतल्या माणसाला दाखवला तर विचारतो, ही गाडी विजेवर चालते का? तू गाडी लपवलीस, दाराला कुलूप घातलंस, आणि हाताच्या सवयीने तिला वायरही जोडलीस. मी त्या वायरीत अडखळले तेव्हा वाटलं, असेल ट्रॅक्टर. पण ट्रॅक्टर तू विकलास. पिकअप घेऊन तू बाहेर गेला होतास. शेड तर उंदरांनीही सोडली. मग ती वायर आत कशाला गेली होती?”

डॅरेलने टोपी काढली. पुन्हा घातली. पुन्हा काढली.

“गाडी इथे आहे, तर काकू गाडीने गेल्या नाहीत,” ती म्हणाली. “निरोप कोण लिहितं तेही कळलं. आता एकच प्रश्न उरला, आणि तो मी एकदाच विचारणार आहे. ओल्हाबाई कुठे आहेत?”

“मी तिला काही केलं नाही.”

“कुठे?”

“नुसती सही हवी होती. जमिनीच्या कागदांवर. काकांची जमीन, कसली मी, राबलो मी. ती म्हणे जीव गेला तरी विकणार नाही. गोळ्या दिल्या की शांत असते. वसंतापर्यंत ऐकलं असतं तिने.”

“जिवंत आहेत?” हे मीच विचारलं.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “सकाळी होती. माझ्या घरात, वरच्या खोलीत.”

कॉन्स्टेबल तोवर रेडिओवर बोलायलाही लागली होती. शेत, वरचा मजला, रुग्णवाहिका, कुत्रा आहे, सांभाळून. एका हाताने ती बोलत होती, दुसऱ्या हाताने डॅरेलला उठवत होती. “बूट घाल,” ती त्याला म्हणाली, “बाहेर थंडी आहे.” इतक्या साध्या आवाजात, की मला रडू फुटलं.

मग वाट बघणं. मी ओल्हाबाईंच्या खुर्चीत बसून राहिले. मिलाला भूक लागली होती, ती माझ्या स्वेटरचं बटण चावत होती. काही सुचेना म्हणून मी टेबल पुसलं. पुसलेलं पुन्हा पुसलं.

फोन आला. कॉन्स्टेबल म्हणाली, “आहेत.”

“म्हणजे?”

“श्वास चालू आहे. चादरीइतकं वजन राहिलंय. माझं बोट धरलंय, सोडत नाहीत. मोठ्या इस्पितळात नेतोय. त्यांची कानाची यंत्रं घेऊन ये.”

डॅरेलवर खटला चालू आहे. वकील म्हणतो, त्याने काकूला उपाशी ठेवलं नव्हतं. गावात काही जण अजून म्हणतात, बिचारा, जमिनीपायी डोकं फिरलं. मी अशा लोकांशी वाद घालणं सोडलं आहे. मला एवढंच दिसतं की तो दर आठवड्याला किराणा घ्यायला गावात यायचा, आणि आम्ही दर आठवड्याला त्याला विचारायचो, “काकू मजेत ना?” आणि तो मजेत आहेत म्हणाला की आमचं काम संपायचं.

ओल्हाबाई वाचल्या. दार बंद केलं की त्या उठून बसतात, म्हणून त्यांच्या खोलीचं दार उघडंच असतं. पहिल्यांदा बोलल्या तेव्हा आवाज चिरका झाला होता. म्हणाल्या, “वरच्या खिडकीतून रस्ता दिसायचा. तुझी गाडी दोनदा गेली. मी काच वाजवत होते.”

मी गेले होते. अंड्यांसाठी, पलीकडच्या शेतावर. मागच्या सीटवर मिला गात होती आणि मी तिला आरशातून बघत होते.

तुमच्याही ओळखीत एखादं असं म्हातारं माणूस असेल, जे कुणाकडे तरी गेलंय, मजेत आहे, असं तुम्हाला तिसऱ्याच कुणीतरी सांगितलंय. त्या माणसाला फोन करा. लिहून नको, बोलून. त्याचा आवाज तुमच्या कानाने ऐका. नाही ऐकू आला तर जाऊन दार वाजवा, आणि कुणी उघडेपर्यंत वाजवत राहा.

आजच जा.