सोलापूरहून आलेले मासे

हातात मेलेला मासा घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभी राहिले. खाऊच्या पानात गुंडाळलेला, एवढासा, काळा... आमच्या घरातला तिसरा.

लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चाललं होतं. बऱ्याच कचेऱ्या अजून भाड्याच्या खोल्यांत होत्या, आणि मत्स्यव्यवसायाची तर एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर. एक टेबल, एक खुर्ची. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवलेली, तलावांना भेगा पडलेल्या. खुर्चीतल्या तरुणाला काम असं नव्हतंच.

"साहेब, हा कशानं मेला?"

त्यांनी पान उघडलं. आधी माशाकडं बघितलं, मग माझ्या कपाळावरच्या विभूतीकडं.

"लिंगायताच्या घरात मासे?"

"खायला न्हाईत. बघायला."

"तेच म्हणलं... आणि साहेब न्हाई मी, सहायक. व्यंकटी सोनकांबळे, मुखेडचा."

हसताना खाली बघायची त्यांची सवय मला तेव्हाच दिसली. दिसायला नको होती.

अप्पांनी, माझ्या वडिलांनी, माझं लग्न सोलापूरच्या एका कापडवाल्यांकडं ठरवत आणलं होतं. पसंतीची खूण म्हणून त्यांनी मोठी काचेची पेटी पाठवली होती. आत वाळू, लांब पातीचं हिरवंगार पाणगवत, पदर पसरावा तसे पंख पसरणारे एंजल मासे आणि काळ्या मॉली मासोळ्या. मुलाच्या आत्या, सरजाबाई, निरोपात म्हणाल्या होत्या – अक्षय्य तृतीयेला तारीख धरायला येऊ, मासे सुखरूप असले म्हणजे पोरगी सुलक्षणी. तेव्हापासून अव्वा, माझी आई, रोज पेटीपुढं हात जोडायची. आणि मासे रोज मलूल होत चालले होते.

मेलेला मासा बघून ते सहायक त्याच संध्याकाळी घरी आले. पेटीपुढं उकिडवे बसले. मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळत होते. त्यांनी बोट बुडवून वास घेतला.

"पाणी कोण बदलतं?"

"मी. रोज पहाटे."

"रोज?"

"देवाचं न् पिण्याचं पाणी आमच्यात शिळं ठेवत न्हाईत. मग यांचंच कसं ठेवू? माझ्या आंघोळीचं वाचवून घालते."

"टँकरचं?"

"हाव."

"टँकरात टीसीएल, म्हंजे ब्लीचिंग पावडर असते, बाई. माणसाची पटकी टळते त्यानं, पण माशाचे कल्ले जळतात. तुम्ही मायेनं मारून राहिल्या त्यांना."

माझे डोळे भरून आले. तसा त्यांचा आवाज उतरला. "रडू नका... ते पाणी पण खारंच. यांच्या कामाचं न्हाई."

रडता रडता मला हसू आलं. अव्वानं आतून पाहिलं.

पुढं त्यांनीच सगळं शिकवलं. टँकरचं पाणी पसरट परातीत दोन दिवस उन्हात उघडं ठेवायचं, वास मरू द्यायचा. घाई असली तर फोटो स्टुडिओत फोटो धुवायला वापरतात त्या हायपोचे दोन खडे टाकायचे, पावडरीचा जोर मरतो. ते खडे त्यांनी गंजगोलाईच्या बाजारातून कागदाच्या पुडीत आणून दिले. पुडी देताना बोटं लागली नाहीत. लागू नयेत म्हणून त्यांनी केवढी खटपट केली, ती मात्र मला दिसली.

पण माशांच्या अंगावर मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके होते. ते किड्यांचे.

"किडा पिकला की खाली गळतो," ते म्हणाले. "वाळूत त्याला पोरं होतात. ती वर येऊन मासा शोधतात. न्हाई सापडला तर या उन्हाळ्यात दोन-चार दिवसांत खलास."

"मग?"

"मासे काढायचे. पेटीत नुसतं गवत ठेवायचं. किडा मिठानं मरतो, पण मीठ पेटीत टाकलं तर गवत जळंल, म्हणून मासे बरणीत, आणि मीठ बरणीत. दहा दिवस."

"दहा दिवस गवत न् मासे एकमेकांपासून लांब?"

"त्यानंच जगतात कधी कधी."

अव्वाच्या लोणच्याच्या दोन मोठ्या बरण्या रिकाम्या झाल्या. ते रोज कचेरी सुटली की यायचे, बरणीतलं निम्मं पाणी बदलायचे, एकेका माशाचे ठिपके मोजायचे. अव्वा त्यांना चहा द्यायची. त्यांच्यासाठी कान तुटलेला एक कप तिनं खिडकीत वेगळा ठेवला होता. ते तो प्यायचे, विसळायचे, परत खिडकीत ठेवायचे. चौथ्या दिवशी मी आमच्या कपात चहा नेला. त्यांनी कपाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"आई रागावतील."

"रागावू द्या. गार होतोय."

अव्वा रागावली नाही. त्या रात्री ती माझ्याशी बोललीच नाही.

एकदा परातीतलं पाणी ढवळताना मी गुणगुणत होते –

*आटली बाई विहीर, तळ लागला दिसाया*
*झाकल्या मनाचं गुज, कुणी लागलं पुसाया...*

"कोण पुसून राहिलंय?" मागून आवाज आला.

"मासे."

"काय सांगितलं मग त्यांना?"

"त्यांना सगळं सांगते. ते कुणाला सांगत न्हाईत."

ते हसले नाहीत. खिशातून एक कागद काढला. बदलीचा हुकूम होता. इकडं तलावच उरले नव्हते. जिथं गोदावरीच्या डोहात थोडं पाणी होतं, तिथं, नांदेडला. तृतीयेनंतर तिसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं.

तृतीयेच्या आदल्या सकाळी त्यांनी मासे पेटीत सोडले. अंगावर ठिपका नव्हता. गवताला नवी पाती फुटली होती. सगळं इतकं देखणं झालं होतं की मला बघवेना.

दुपारी टँकर आला. मी बादली भरून आणली आणि पेटीपुढं उभी राहिले. एक बादली... बास. उद्या आत्याबाई रिकामी पेटी बघून परत गेल्या असत्या.

ते आपली मासे धरायची जाळी न्यायला आले होते. दारातच थांबले. त्यांना पावडरीचा वास आला असावा.

"हेच करायचं होतं तर मला कशाला बोलावलं?"

"बोलावलं तेव्हा तुम्ही ठाऊक नव्हता."

ते आत येऊन पेटीपुढं उकिडवे बसले.

"लग्न मोडायचं तर तोंडानं मोडा," ते हळू म्हणाले. "यांचा काय गुन्हा?"

"आणि तुम्ही? तुम्हाला तोंड न्हाई?"

"हाय. पण मी बोललो तर अप्पांना माझं आडनाव तेवढं ऐकू येईल. पुढचं न्हाई."

जाळी न घेताच ते निघून गेले. मी बादली मोरीत नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी सरजाबाईंनी पेटीला नाक लावून मासे बघितले. "शकुन चांगला हाय बघा," त्या अप्पांना म्हणाल्या. अप्पांनी पंचांग उघडलं.

मी पुढं आले. "मासे शकुनानं न्हाई जगले, आत्याबाई. माणसानं जगवले. मला हे लग्न करायचं न्हाई."

"कुठल्या माणसानं?" त्यांनी विचारलं.

मी नाव सांगितलं. आडनावासकट, गावासकट.

सरजाबाई पानसुपारी न घेता उठल्या. अप्पांनी पंचांग मिटलं, डोळेही मिटले. मारलं असतं तर बरं, असं मला वाटलं.

तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी मी एसटी स्टँडवर गेले. भर दुपार, आभाळ पांढरंफटक. नांदेडच्या गाडीपाशी ते पत्र्याची पेटी घेऊन उभे होते.

"माझं नाव घेतलं म्हणं तुम्ही."

"घेतलं."

"सगळ्यांसमोर?"

"हाव. पण पुन्हा घ्यायची न्हाई मी ते नाव."

त्यांचा चेहरा उतरला. "बरोबर हाय... घरचे काय म्हणतील..."

"घरच्यांसाठी न्हाई." मी जमिनीकडं बघत म्हणाले, "आमच्यात नवऱ्याचं नाव घेत न्हाईत."

कंडक्टरनं घंटी मारली. ते पायरीवर चढले, तसेच मागं बघत. डोळे भरलेले, आणि ओठांवर ते खाली बघून हसायचं... पण या वेळी खाली न बघता. खिडकीतून वाकून म्हणाले,

"मग हाक कशी मारणार मला?"

"हाक मारावी लागेल इतकं लांब जाऊ नका."

गाडी तोवर हलली होती. त्यांना ऐकू गेलं की नाही, धुरळ्यात मला कळलं नाही.