तोंड उघडं ठेवा

गुलमंडीच्या बाजारात साड्यांचे ढीग उपसता उपसता ज्ञानेश्वरीची दाढ अशी काही ठणकली, की बहिणीचा बस्ता तसाच टाकून ती औरंगपुऱ्यात दिसेल त्या दातांच्या दवाखान्याचा जिना चढली. तिथं भेटले डॉक्टर शिवराज.

डॉक्टर हाताचे हलके, पण तोंडाचे भलतेच मोकळे. पेशंट घाबरला की त्याला रमवायला स्वतःच्याच गोष्टी सांगत बसायचे. दोन-तीन खेपांतच ज्ञानेश्वरीला कळलं, की हे पैठणचे, धरणाकाठी वाढूनही पाण्याला भितात, आणि यांनी थापलेली भाकरी गायसुद्धा हुंगून सोडते. ती आ वासून ऐकायची. दुसरा इलाजच नव्हता. ऐकता ऐकता बाईसाहेब प्रेमात पडल्या. डॉक्टरांना मात्र तिचे दात सोडून तिच्याविषयी काहीच ठाऊक नव्हतं.

आज रूट कॅनालची शेवटची खेप. बाहेर पाऊस भुरभुरत होता.

"रविवारी पैठणला चाललोय," दाढेवर वाकून डॉक्टर सहज म्हणाले. "आईनं मुलगी बघितलीय. नुसता होकार दे, म्हणते."

ज्ञानेश्वरीच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं.

"दुखतंय? थांबा हं..." म्हणत त्या भल्या माणसानं आणखी एक इंजेक्शन दिलं.

काम संपलं. तिनं चूळ भरली. गाल बधिर, ओठ वाकडा. आता बोलले नाही तर जिना उतरला की सगळं संपलं, हे तिला कळत होतं.

"डॉक्टर... दाढ नव्हती दुखत."

"मग?" ते गोंधळले. हळूहळू त्यांचे कान लाल झाले. "अहो, मग सांगायचं ना..."

"तोंड उघडं ठेवा, म्हणालात की तुम्हीच. लई बोलता तुम्ही."

डॉक्टरांनी मास्क काढला. "बाकीच्यांना दोन गोष्टी सांगून थांबतो मी. तुम्हाला सांगायच्या... संपतच नव्हत्या."

"मग रविवारी नका ना जाऊ."

"जावं तर लागंल. आईला समोर बसून 'नाही' म्हणायचंय, फोनवर ऐकायची नाय ती." ते थबकले. "पण ती विचारील, मग कोण? काय करते? आवडतं काय तिला? मी काय सांगू?"

स्टूल ओढून ते तिच्यासमोर बसले.

"तुम्ही बोला आता. मी तोंड मिटून ऐकतो."