एकतीस टक्के शालन

शालन माने सकाळी दूध घेऊन परतल्या, तेव्हा त्यांच्याच घराच्या कुलपाने त्यांना ओळखले नाही. पासवर्ड जाऊन आता पंधरा वर्षे झाली होती. कुलपापासून दवाखान्यापर्यंत सगळे स्वभावठशावर चालायचे. माणूस कुठे अडखळतो, कशाला हसतो, रागावला की किती वेळ गप्प बसतो, याची यंत्राने काढलेली ओळख म्हणजे स्वभावठसा. तो चोरता येत नाही, असे सरकार छातीठोकपणे सांगायचे.

मिरजेच्या ठसा केंद्रात डॉ. यास्मिन पटवेकरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला.

"काकू, तुम्ही तिथी बघायचं अ‍ॅप घेतलं होतंत?"

"ह्यांच्या वर्षश्राद्धाची तिथी बघायची होती. त्यानं नाव-गोत्र तीनदा म्हणायला लावलं. तर्पणाला म्हणतातच की, म्हणून म्हटलं."

"ते बनावट होतं. आवाजाची परवानगी मिळताच त्यानं फोनमधली तुमची दहा वर्षांची बोलणी उचलली आणि त्यावरून तुमची नक्कल केली. ठसा ताजा राहावा म्हणून ती रोज तुमच्या घरच्यांशी बोलते."

"मग असलं अ‍ॅप दुकानात ठेवलं कुणी?"

"दुकान म्हणतं, बनवणाऱ्याला विचारा. बनवणारा सापडत नाही. आम्ही फक्त ठसे जुळवतो. कायद्यानं परवानगी देणारा जबाबदार, म्हणजे तुम्हीच," डॉक्टर खाली बघत म्हणाल्या.

थोडक्यात, सगळ्यांनी हात झटकले होते. शालनताईंना राग यायला हवा होता, पण नवरा गेल्यापासून त्यांना काही वाटतच नव्हते. यंत्राला नेमके तेच खटकले. पूर्वीच्या शालनशी नक्कल चौऱ्याण्णव टक्के जुळत होती. त्या स्वतः एकतीस. आता जवळच्या माणसाने साक्ष दिली, तरच नक्कल पुसली जाणार होती.

डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला, केतकीला, मेलबर्नला फोन लावला. तिने सगळे ऐकून घेतले.

"आई, खरी तू आहेस, ते कळतंय मला. पण ती हसते गं. बाबांच्या गोष्टी सांगते. तू वर्षभर नुसतं 'हं' म्हणतेस. तिला पुसायलाच हवं का?"

"एकच ठेवता येते," डॉक्टर म्हणाल्या. "आणि काकू, ती राहिली तर तिच्यामागचे चोर काहीही करतील, आणि ते तुम्हीच केलंत असं धरलं जाईल."

शालनताईंनी पदर सारखा केला.

"धरू दे," त्या म्हणाल्या. "केतकीला तिचा फोन रोज येईल ना?"