मधला पिस्टन

नारायणगावात इंजिन खोलायचं म्हटलं की पूर्वी लोक हनुमंत अण्णांचं नाव घ्यायचे. गेली आठ-नऊ वर्षं त्यांच्या लेकीचं घेतात. बाजार समितीच्या रस्त्याला टोमॅटोच्या क्रेटांच्या थप्प्या लागलेल्या असतात, त्यांच्यामागे 'प्रज्ञा इंजिन वर्क्स' अशी पाटी आहे. प्रज्ञा जन्मली त्या वर्षी अण्णांनी ती रंगवून घेतली होती. पोरगी मोठी होऊन खरोखरच पाना हातात घेईल, असं तेव्हा त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पण तिनं डिप्लोमा केला, चाकणला चार वर्षं नोकरी केली आणि एका सोमवारी डबा घेऊन थेट गॅरेजवर येऊन बसली. आता गिऱ्हाईक आत आलं की आधी तिलाच शोधतं आणि मग अण्णांना चहा विचारतं.

प्रज्ञाचा सगळा भरवसा मोजण्यावर. मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारं मायक्रोमीटर ती मऊ फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि 'अंदाजे' हा शब्द तिच्यासमोर कोणी काढायचा नाही. घरात भुताखेतांना थारा नव्हता. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्याबरोबर उतारे आणि अंगारेही घराबाहेर गेले. अण्णा पोरांना सांगायचे, जे मोजता येत नाही त्याला भ्यायचं नाही. हे वाक्य ऐकतच ती मोठी झाली.

भानगड आली ती धाकट्या भावाच्या गाडीतून. कपिलनं जूनमध्ये जुन्या बाजारातून एक टर्बो पेट्रोल गाडी घेतली. इंजिन तीन सिलिंडरचं, लहानसं, पण टर्बो आत हवा कोंबतो म्हणून ओढ दांडगी. त्या कोंबलेल्या हवेचा सगळा मार पिस्टनच्या माथ्यावर बसतो. गाडी घेतल्यावर महिन्याभरानं तो बायकोला, कल्याणीला, शेजारी बसवून सासरवाडीला, निरगुडसरला निघाला. गावाच्या अलीकडे कालव्यावर एक मोरी आहे. मोरीच्या वीस पावलं आधी गाडीनं मान टाकली. टेम्पोला बांधून परत आणली, खोलली, तर मधल्या पिस्टनच्या माथ्याची कड नखाएवढी उडालेली.

नशीब खराब, असं म्हणून प्रज्ञानं नवे पिस्टन घातले. सप्टेंबरात कपिल पुन्हा निघाला आणि त्याच मोरीशी, त्याच वीस पावलांवर, मधलाच पिस्टन गेला. तिनं पेट्रोल तपासलं, इंजेक्टर तपासले, टर्बोचा दाब, पाण्याचं अभिसरण, संगणकातल्या नोंदी, सगळं पाहिलं. सगळं जिथल्या तिथं होतं. नोव्हेंबरात तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा टेम्पोवाल्यानं फोनवर पत्ताही विचारला नाही.

कल्याणी तोवर पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, तीही एसटीनं. नववा महिना लागला होता.

"ताई, मला बाकी काय नको," कपिल म्हणाला. हा हसरा पोरगा महिन्याभरात वाळून गेला होता. "तिला ऐन वेळेला दवाखान्यात न्यायचंय. गाडी बंद पडली नाय पायजे. एवढं कर."

प्रज्ञानं तिन्ही वेळचे मोडके पिस्टन ओळीनं बाकावर मांडले. प्रत्येकाचा उडालेला तुकडा तेलाच्या टाकीत सापडला होता, तो त्याच्या त्याच्यासमोर ठेवला. मग काय वाटलं कोण जाणे, तिनं पहिल्या पिस्टनचा तुकडा उचलला आणि तिसऱ्याच्या खाचेत बसवून पाहिला.

तो बसला. नुसता बसला नाही, जोडाची रेषसुद्धा दिसेना. दुसऱ्याचा पहिल्यात, तिसऱ्याचा दुसऱ्यात, कुठलाही कशातही बसत होता. दोन मडकी एकाच हातून पडली तरी सारखी फुटत नाहीत, हे ती जाणून होती. तिनं भिंग आणलं, पाहिलं आणि भिंग परत ठेवून दिलं.

अण्णा स्टुलावर बसून हे बघत होते. चाळीस वर्षांच्या ग्राइंडरनं त्यांचे कान निम्मे गेलेले, त्यामुळे ते बोलायचे मोठ्यानं आणि बघायचे बारकाईनं. "कपिल," ते म्हणाले, "ही गाडी त्या मोरीच्या पल्याड एकदा तरी गेली का रं?"

कपिलनं आठवून पाहिलं. "एकदाबी नाय."

"योगायोग आहे, अण्णा," प्रज्ञा म्हणाली. "माल कमजोर आहे. कंपनीचे पिस्टन ओतीव असतात. साच्यात धातू ओतला की झालं. आपण घडीव घालू. तापवून दाबाखाली घडवलेला धातू असा तडकत नाही. दुप्पट मार खाईल."

"आन् कारण? का मोडतंय त्याचं कारण घावलं तुला?"

घावलं नव्हतं.

"रोग रेड्याला आन् औषध पखालीला," अण्णा म्हणाले. "पोरी, मोडायची ती वस्तू मोडू द्यावी. ती मोडती म्हणून बाकीचं वाचतं. भाड्यानं जीप सांगा, मी म्हणतो."

"घरची गाडी असताना जीप?" कपिल चिडला. "सासरची मानसं हसत्यात आताच."

प्रज्ञाला वाईट वाटलं ते याचं, की अण्णांचं म्हणणं कारागिराचं होतं आणि तिला ते पटत होतं. कारण न शोधता इलाज करायचा नाही, हे तिनं त्यांच्याकडूनच शिकलेलं. पण समोर भाऊ उभा होता आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख तीन आठवड्यांवर आली होती. तिनं कोइमतूरला फोन करून घडीव पिस्टन मागवले.

पिस्टन आले, देखणे. तिनं ते सराफाच्या काट्यावर नेऊन तोलले, तिन्हींत अर्ध्या ग्रॅमचाही फरक नव्हता. सिलिंडर पुन्हा घासून तिनं जागा थोडी सैल ठेवली, कारण घडीव धातू तापल्यावर जास्त फुगतो. त्यामुळे असं इंजिन थंड असताना सुरू केलं की मिनिटभर टकटक वाजतं, आणि पाणी तापलं की आवाज विरतो. कपिलला हे तिनं तीनदा समजावलं, उगाच घाबरू नये म्हणून.

इंजिन पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा डिसेंबरातली सकाळ होती. टकटक झाली, कमी होत गेली, थांबली. अण्णा उठले. कान गेल्यापासून ते इंजिन हाडानं ऐकायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. पहिल्या सिलिंडरला त्यांनी मान डोलावली. तिसऱ्याला डोलावली. मधल्याला मात्र डोळे मिटून बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"अण्णा," प्रज्ञा शेवटी त्यांच्या खांद्याला हात लावत म्हणाली, "बंद केलंय मी. मघाशीच."

अण्णांनी डोळे उघडले. "व्हय? मग वाजतंय काय?"

तिनं स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि ऐकलं. आत बारीक टिकटिक होती. तापलेला धातू निवताना वाजतोच, ती म्हणाली, त्यात विशेष काही नाही. अण्णा हात पुसून आत जाऊन बसले आणि त्या दिवशी जेवायलाही उशिराच आले.

चौथ्या दिवशी सकाळी सातला कल्याणीच्या आईचा, जानकाबाईंचा फोन आला. कळा सुरू झाल्या होत्या.

नवं इंजिन दामटायचं नसतं, म्हणून प्रज्ञा स्वतः कपिलच्या शेजारी बसली. मंचरहून आत वळल्यावर दोन्ही बाजूंना ऊस आणि उसावर धुकं. गाडी छान ओढत होती. कपिल स्टिअरिंगला मिठी मारल्यासारखा बसला होता आणि सारखा घड्याळ बघत होता. प्रज्ञाची नजर काट्यांवर होती. पाणी तापलेलं, तेलाचा दाब चांगला.

मोरी दिसली. साधी मोरी, दोन्ही अंगांना चुना फासलेले दगड, खाली कालव्याचं संथ पाणी. इथं कोणी बुडालं, कोणी मेलं, असली एकही गोष्ट नव्हती. प्रज्ञानं निरगुडसरात दोघा-तिघांना विचारून घेतलं होतं. लोकांना तिच्या प्रश्नाचंच नवल वाटलं होतं.

वीस पावलं राहिली आणि मधून ठोका आला.

टक.

तापलेल्या इंजिनात तो यायला नको होता. गाडीचा जोर एकदम गेला.

टक. टक.

आता ठोके पायाखालच्या पत्र्यात कळत होते. दारावर कोणी घाईनं थाप मारावी तसे.

"ताई!"

प्रज्ञाला वाटलं, थांबावं. अगदी स्पष्ट वाटलं. मग डोळ्यांपुढे कल्याणी आली.

"दाब," ती म्हणाली. "मोडत नाही ते."

कपिलनं पाय दाबला. इंजिन थरथरलं, रडल्यासारखं झालं, पण मोडलं नाही. चाकं मोरीवर चढली आणि पलीकडे उतरली.

त्याबरोबर सगळा आवाज थांबला. इतकं शांत चालणारं इंजिन प्रज्ञानं आजवर बांधलं नव्हतं. कपिल मोठ्यानं हसला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मानलं राव तुला, ताई!" तो म्हणाला. तिलाही अभिमान वाटला, आणि का कोण जाणे, थोडी लाजही.

कल्याणीला मागच्या सीटवर घेतलं. एका बाजूला जानकाबाई, दुसऱ्या बाजूला प्रज्ञा. पुढची डावी सीट मोकळीच राहिली. कल्याणी ओठ दाबून कळा सोसत होती, प्रज्ञाचा हात तिनं घट्ट धरला होता.

परतताना मोरीअलीकडच्या खड्ड्यापाशी कपिलनं गाडी हळू केली. अगदी हळू, कल्याणीला दणका बसू नये म्हणून. खड्डा गेला, गाडी मोरीवर चढली आणि पुढं टिंग टिंग वाजायला लागलं.

"आता काय?" कपिल.

डॅशबोर्डवर तांबडा दिवा लागला होता. शेजारच्या सीटवर बसलेल्यानं बेल्ट लावला नाही, असं सांगणारा.

प्रज्ञानं पुढं वाकून पाहिलं. सीटवर पिशवी नाही, पाण्याची बाटली नाही, काही नाही. सीटखाली वजन ओळखणारी पट्टी असते, तिची वायर खड्ड्यानं हलली असणार.

"बया, ते टिंग टिंग आदी बंद करा," जानकाबाई कावून म्हणाल्या. "लेकरू तळमळतंय हितं."

"कपिल, तो बेल्ट ओढ आणि लावून टाक," प्रज्ञा म्हणाली. "रिकाम्या सीटलाच. बंद होईल."

सगळेच असं करतात. कपिलनं एका हातानं पट्टा ओढला आणि खटक्यात अडकवला. आवाज बंद झाला. पुढं मंचरपर्यंत गाडी लोण्यासारखी गेली.

साडेदहाला मुलगी झाली. तीन किलोला थोडी कमी, रडणं खणखणीत. कल्याणी सुखरूप. जानकाबाईंनी प्रज्ञाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि गाडीचं तोंडभरून कौतुक केलं. भाचीच्या मुठीत बोट देऊन प्रज्ञा कितीतरी वेळ उभी राहिली. तीन पिस्टन, पाच महिने, सगळं फिटलं असं तिला वाटलं.

मग ती गाडी बघायला खाली दवाखान्याच्या अंगणात आली. बॉनेट उघडलं. तेल स्वच्छ, पाणी जागेवर, कुठं थेंब नाही. तेवढ्यात अण्णांचा फोन आला. बाळाची बातमी त्यांना कळली होती, आवाजात आनंद होता.

"मोरी वलांडली?" त्यांनी विचारलं.

"ओलांडली, अण्णा. आधी ठोके आले, पण टिकली."

"आन् येताना?"

"येताना काहीच नाही. आता अजिबात वाजत नाही."

पलीकडे ग्राइंडर चालू होता, तो अण्णांनी बंद करायला लावला.

"मंजी आता सांगायचं बंद केलं गाडीनं," ते हळूच म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते इतकं हळू बोलले असतील.

तिनं फोन ठेवला. वरच्या खिडकीतून कपिल ओरडत होता, "ताई, परवा सोडणारेत! कल्याणी म्हणती, आता मी पुढंच बसणार, पोरीला मांडीवर घेऊन!"

तिनं वर बघून हात केला. मग बॉनेट लावलं आणि डाव्या बाजूला येऊन पुढचं दार उघडलं.

बेल्ट लावलेलाच होता. रिकाम्या सीटवर बेल्ट लावला की आतली स्प्रिंग त्याला खेचून घेते आणि तो सीटला चिकटून बसतो. ताण देऊन चपटा. गेली दहा वर्षं ती हे रोज बघत आली होती.

हा पट्टा सीटपासून वीतभर वर होता. खांद्यापाशी वर, मांडीपाशी वर, आणि मध्ये काहीच नव्हतं.

तिनं हात पुढं करून लाल बटण दाबलं. खटका सुटला, बेल्टची धातूची जीभ बाहेर आली.

पट्टा तसाच राहिला.