मुलीकडची वाघीण

गोरज मुहूर्त जवळ आला होता, वरात मांडवासमोर पोचली होती आणि चाहूलखांब म्हणाला, "बाजूला व्हा. वाघीण येते आहे."

खांब "अस्वल येतंय" म्हणाला असता तर कोणी वळूनही पाहिलं नसतं. पिंपळझरीला या खांबांची सवय होती. जमिनीतली थरथर आणि वाऱ्यातला वास जुळवून कोणतं जनावर कुठे निघालंय ते खांब ओळखायचा. दक्षिणेचं आणि उत्तरेचं अभयारण्य सांधणारी जोडवाट गावातूनच जात होती. खांबाला आवाज सरपंचांच्या आत्याचा दिला होता, कारण अख्खं गाव ऐकतं असा तो एकच आवाज होता. या वाटेने अस्वलं गेली, रानडुकरं गेली, एक साळिंदर तर नोकरीला लागल्यासारखं रोज जायचं. वाघ मात्र एकही गेला नव्हता. यंदाही गेला नाही तर जोडवाट मोडून तिथून खाणीचा रस्ता जाणार होता.

वरात थांबली. बँड थांबला. नवरदेवाचे मामा वामनराव थांबले नाहीत. त्यांनी खुर्ची मागवली, वाटेच्या बरोबर मध्ये ठेवली आणि रुसून बसले.

"वरपक्षाच्या आधी मान जनावराला? मी नाही उठत जी."

"मामा, वाघीण आहे," नवरदेव हळूच म्हणाला.

"असंल. तिला पत्रिका होती का?"

बाभळीआडून वाघीण बाहेर आली. तिने खुर्ची पाहिली, मामा पाहिले आणि तिथेच बसली. आता दोघंही समोरासमोर रुसून बसली होती.

तेवढ्यात मांडवातून नवरी बाशिंगासकट बाहेर आली. या खांबांची देखभाल रेवतीच करायची. वाघीण इथून माघारी फिरली तर पुन्हा येणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

"मामाजी, तुमच्याकडच्या जंगलात वाघ किती?"

"एकच. रात्रभर ओरडते बाप्पा, झोपू देत नाही."

"काहून ओरडते?"

मामांनी वाघिणीकडे पाहिलं. रेवतीनेच उत्तर दिलं,

"एकटा आहे म्हणून. ही त्याच्याकडेच चालली. मीपण तुमच्याकडेच चालली. मग ही तुमच्या गावची सून झाली का नाही? सुनेची वाट सासरच्यांनीच अडवली, असं म्हणतील लोक."

मामांनी विचार केला. उठले, खुर्ची स्वतः उचलली, फेटा सारखा केला आणि बँडवाल्याकडे वळून म्हणाले, "फुंकशील तर बघ."

वाघीण उठली आणि दोन्ही पक्षांच्या मधून सावकाश चालत गेली. एका आजीने सवयीने अक्षता टाकल्या. वाघिणीने एक कान हलवला.

"गेली. सुखरूप," खांब म्हणाला. आवाज आत्याचा असल्यामुळे तो जरा दाटून आल्यासारखा वाटला.

लग्न मुहूर्तावर लागलं. खाणीचा रस्ता दुसरीकडून गेला.

पुढच्या वर्षी रेवती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. मामा तिला भेटायला आले, अंगणात खुर्ची टाकून चहा प्यायला बसले आणि खांब म्हणाला, "बाजूला व्हा. वाघीण परत येते आहे. पावलं जड आहेत. दोन जिवांची आहे."

मामांनी न सांगता खुर्ची उचलली.

"बरोबर आहे. पहिलं बाळंतपण माहेरीच," ते म्हणाले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पण रेवती, बारशाला आमच्याकडून तो वाघ येईल ना? अन् आला, तर त्याची खुर्ची कुठं टाकायची?"