कोठीतला होकार

वखारीत शिरताना भाविकाने हेल्मेट घातलं, तोंडाला मास्क लावला. बाकी कुणाच्याच तोंडाला काही नव्हतं. लाकडाच्या कारखान्यांतले धोके शोधून विमा कंपनीला कळवणं हे तिचं काम. कर्जत-खालापूर रस्त्यावरच्या या वखारीचा मालक रूपेशशेठ सकाळपासून चहाचा कप घेऊन तिच्या मागे फिरत होता. भल्या माणसाने आगीसाठीच्या वाळूच्या बादल्यासुद्धा आदल्याच दिवशी रंगवल्या होत्या. हात लावला तर लाल रंग बोटाला येत होता.

करवतीचा भुसा पत्र्याच्या एका कोठीत पडायचा. दोन पुरुष उंच कोठी, खाली बुटकं दार. भुसा अडकला की कुणीतरी आत शिरून तो बांबूने ढोसायचा. वरचा ढीग कोसळला तर माणूस गुदमरणार, हे कळायला शिक्षण लागत नाही. म्हणून मजुरांनी आपली एक रीत पाडली होती. बाहेरच्याने अधूनमधून हाक घालायची, आतल्याने होकार द्यायचा. होकार आला नाही की करवत बंद.

दाराशी पोती शिवत बसलेली, वाडीवरची ठकी तेच करत होती.

"हाय का रं?"

आतून बारीक खोकला आला. मग आवाज, "हाय गं."

भाविकाला ती रीत आवडली. आतल्या माणसाने नाकाला काही बांधलंय का ते पाहावं म्हणून ती दाराशी थांबली. करवत थांबली. जेवणाची सुट्टी झाली, माणसं करंजाच्या सावलीत फडकी सोडून बसली. कोठीतून कुणी बाहेर आलं नाही.

"आतल्याला बोलवा की जेवायला," ती म्हणाली.

करवतीवरच्या नवनाथने भाकरीवरून मान उचलली नाही. "आत कोण नाय, मॅडम."

"मी आत्ता ऐकलं."

"आमी पन ऐकतो," तो म्हणाला आणि त्याने पाण्याच्या तांब्याला हात घातला.

शेठ हसला. "ते होय! हिचा नवरा धाऊ. होळीआधी पळाला. बसला असेल कुठल्या तरी वीटभट्टीवर. ही माणसं अशीच."

"पळाला नाय," ठकी सुईवरची नजर न काढता म्हणाली. "आत गेला तो भायेर आलाच नाय. होकार थांबला तवा मी वरडले, करवत बंद करा. शेटनी बंद करू दिली नाय. गाडी भरायची व्हती."

भाविकाने नवनाथकडे पाहिलं. त्याने कानावर हात ठेवले. तिच्या अंगाची लाही लाही झाली.

तिने तापमापकाची लांब सळई भुशात खुपसली. ओला भुसा आतून तापतो, कधी पेटतोही; आकडा चांगलाच चढला होता. मधोमध एका जागी मात्र तो उतरला आणि सदतीसवर थांबला. तिने सळई काढून पुन्हा घातली. सदतीसच. धडधाकट माणसाच्या अंगाचा आकडा.

"कोठी आजच रिकामी करा," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत."

ठकीने तिचा हात धरला. "नका वो ताई. हितं हाय तो. बोलतो माज्याशी. उपसलात तर मंग कुटं शोदू?"

"सापडला तर पंचनामा होईल, ठकीताई. शेठला मी सोडायची नाही."

ठकीने हात सोडला.

शेठने आढेवेढे घेतले नाहीत. कोंबड्यांखाली पसरायला भुसा लागतोच. एका फोनवर पोल्ट्रीवाल्यांचे टेंपो दारात हजर. दुपारभर फावडी चालली. भाविका प्रत्येक फावड्याकडे बघत होती. हाड नाही, कापड नाही, चप्पल नाही. शेवटी तळाचा कोबा लागला, कोरडा ठणठणीत.

"सुंठीवाचून खोकला गेला, मॅडम," शेठ म्हणाला. "लिहा आता, धोका दूर."

ते खोटं नव्हतं, याचीच तर चीड होती. तिने लिहिलं.

ठकी वाकून रिकाम्या कोठीत गेली. "हाय का रं?"

पत्र्यावरून तिचाच आवाज परत आला.

आठवड्याने भाविका तिला शोधत आली. वखारीतून ठकीला काढलं होतं. टेंपो जिथे गेले, तिथे तीही गेली होती. खालापूरच्या एका पोल्ट्रीत पाटीने भुसा पसरत होती. भाविकाला पाहून तिने पाटी खाली ठेवली. शेडच्या दारात उभी राहिली.

"हाय का रं?"

साऱ्या कोंबड्या एकदम गप्प झाल्या.

जमिनीलगत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुणीतरी खोकलं.

"नाय गं."

भाविकाने दाराची चौकट धरली. ठकीने पाटी उचलली.

"नाय तर नाय," ती म्हणाली. "बोलतो तरी." आणि पुढच्या शेडकडे निघाली.

संध्याकाळी शेलूला घरी पोचल्यावर भाविकाने बूट दाराबाहेर काढले, तळाचा भुसा झटकला, दार लावून घेतलं. आईने पाणी दिलं.

बाहेर, पायपुसण्यापाशी, बारीक खोकला आला.

"बघ गं," आई म्हणाली, "कोण आलंय."